खिडकीत टांगलेली तबकडी

मित्रांनो, मी एक जुना डीव्हीडी रायटर आहे. तुमच्यापैकी काहींनी मला कधी पाहिलंही नसेल. जाडजूड शब्दकोशाएवढी माझी पेटी, पाठीमागे दोन वायरी आणि पुढे एक बटण. बटण दाबलं की माझा ट्रे जीभ दाखवल्यासारखा बाहेर येतो. त्यावर कोरी तबकडी ठेवून आत ढकलली की मी ती गरगर फिरवतो आणि बारीक तांबड्या किरणाने तिच्यावर लिहितो. मी एकदा लिहिलेलं पुन्हा पुसता येत नाही. हे झालं माझं काम. आता माझा स्वभावही सांगून टाकतो, म्हणजे मागाहून तुमचा गैरसमज व्हायला नको. मी जळका आहे. फार जळका.

कारखान्यातले दिवस मला फारसे आठवत नाहीत. एका लांब पट्ट्यावरून माझ्यासारखेच पुष्कळ जण ओळीने सरकत होते. तपासणाऱ्या बाईंनी माझ्या शेजारच्याला माझ्याआधी उचललं, तेवढं मात्र अजून डोक्यात आहे.

तिथून मी आलो एका फोटो स्टुडिओत. दुकान दोन भावांचं होतं. थोरला फोटो काढायचा. सगळे त्याला दादा म्हणत, म्हणून मीही तेच म्हणतो. धाकटा कॉम्प्युटरचं बघायचा. दादाची बायको, म्हणजे वहिनी, काउंटरवर बसायची. रस्त्याकडेला काउंटर, मागे पडदे आणि छत्र्यांचे दिवे असलेली फोटोची खोली, आणि त्या दोहोंच्या मध्ये जेमतेम एक टेबल मावेल एवढी जागा. त्या टेबलावर कॉम्प्युटर आणि त्याच्या उजव्या हाताला मी.

फोटो तर कुणीही साठवून ठेवतं. पण या दुकानाकडे त्यांचा कॅटलॉगही होता. कोणता फोटो कधीचा, त्यात कोण कोण आहे, कोणता निवडला, कोणता छापला, ते सगळं त्यात असायचं. ते वहिनी लिहायची. तिला गिऱ्हाइकांची नाती तोंडपाठ असत. 'शिवणकामवाल्या बाईंची थोरली, नवीन चष्मा, सारखी खाली बघते' अशा ओळी ती एका बोटाने टाइप करायची. त्यामुळे कुणी कित्येक वर्षांनी आलं तरी फोटो चुटकीसरशी सापडायचा.

हा सगळा ठेवा तबकड्यांवर उतरवायचं काम माझ्याकडे होतं. सुरुवातीला दादा हाताने फोटो निवडून द्यायचा. कधी निम्मेच द्यायचा, कधी तेच ते परत द्यायचा, कधी साफ विसरायचा. शेवटी धाकट्याने बसून एक स्क्रिप्ट लिहिली. मित्रांनो, स्क्रिप्ट म्हणजे कॉम्प्युटरला ओळीने दिलेल्या सूचना. ती नवे फोटो शोधायची, एकेका तबकडीत मावतील असे त्यांचे गठ्ठे बांधायची, कॅटलॉगमध्ये तबकडीचा आकडा नोंदवून प्रत्येक गठ्ठ्यात आख्ख्या कॅटलॉगची एक प्रत घालायची आणि मग तो माझ्याकडे सरकवायची. माझं लिहून झालं की मी काय लिहिलंय ते परत वाचायला लावायची आणि मुळाशी ताडून बघायची. एक अक्षर जरी चुकलं तरी तबकडी बाद.

काम चोख होऊ लागलं आणि माझी जळफळ तिथूनच सुरू झाली. तापायचो मी, फिरायचो मी, किरण माझा. आणि कौतुक कुणाचं? स्क्रिप्टचं. दादा गिऱ्हाइकांना सांगायचा, धाकट्याने काय भारी स्क्रिप्ट लिहिलीय, नुसतं बटण दाबायचं. आता ते बटण दाबल्यावर जे व्हायचं, ते कोण करत होतं? तिला ना अंग, ना वजन, कधी धूळ बसायची नाही. शिवाय वर ती माझे पेपर तपासणार. तिच्या नावाने मी मनातल्या मनात किती बोटं मोडली असतील! बोटं नाहीत म्हणून बरं.

तरीही ते दिवस चांगले होते. धाकटा प्रत्येक तबकडीवर पेनने आकडा घालून ती डब्यात ठेवायचा आणि जाता जाता माझ्या पाठीवर टकटक करायचा. ती टकटक मला पुरायची.

मग एक दिवस दादाचा कॉम्प्युटर विकणारा मित्र आला आणि त्याने टेबलावर एक काळी डबी ठेवली. तळहाताएवढी, गुळगुळीत, एकच वायर. माझ्या शेकडो तबकड्यांमधलं सगळं त्या एकटीच्या पोटात मावेल, असं तो म्हणाला. शिवाय ती सगळं आपोआप करते. कॉम्प्युटरमध्ये जे असेल ते तिच्यात जसंच्या तसं, नको ते पुसलं जातं, नवं ते लिहिलं जातं.

पुसता येतं! मी आयुष्यभर ज्या गोष्टीसाठी बोलणी खाल्ली ती हिला जन्मतःच येत होती. माझ्याकडून एखादी तबकडी चुकली की दादा म्हणायचा, गेली वाया. हिचं काहीच वाया जाणार नव्हतं. वहिनीने तिला ओरखडे पडू नयेत म्हणून मऊ कापडाची पिशवी शिवली. मला कधी कुणी साधा रुमालसुद्धा टाकला नव्हता. त्या पिशवीला निळी नाडी होती. ती नाडी पाहिली की माझी मोटर उगाचच गरम व्हायची.

धाकट्याने दादाला समजावून पाहिलं. डबी असू दे, पण तबकड्याही चालू ठेवू, असं त्याचं म्हणणं होतं. दादाचा मित्र हसला. चारचौघांत भाऊ जुनाट ठरतोय असं वाटलं म्हणून की काय, दादाही हसला आणि म्हणाला, "आता तुझं ते सीड्यांचं लचांड आवर बाबा. जग कुठे गेलं!"

धाकटा टेबलावरच्या तबकड्या डब्यात भरू लागला. पण त्याने डबीकडे ज्या नजरेने पाहिलं, ती नजर मी ओळखली. मी रोज तशाच नजरेने बघत होतो. काही दिवसांनी त्याने गावाच्या दुसऱ्या टोकाला एका कचेरीत नोकरी धरली. दुकानात येणं कमी झालं, मग थांबलं.

माझी रवानगी फोटोच्या खोलीतल्या फळीवर झाली, मोडक्या स्टँडांच्या सोबतीला. तिथून उघड्या दारातून टेबल आणि काउंटर दिसायचं. माझ्या तबकड्यांचे डबे खाली कोपऱ्यात गेले. त्या खोलीच्या खिडकीत कबुतरं फार यायची, पडद्यांवर घाण करायची. कुणीतरी वहिनीला सांगितलं की चकाकणारं काही टांगलं तर कबुतरं भितात. तिने दादाला विचारलं, या घेऊ का? दादा पडदा गुंडाळत होता. मान वर न करता तो म्हणाला, घे की, आता काय कामाच्या.

वहिनीने वरचा डबा उघडला, दोरीत तबकड्या ओवल्या आणि खिडकीला टांगल्या. मी फळीवरून ते पाहत होतो. मी जीव ओतून लिहिलेली वर्षं वाऱ्यावर गोल गोल फिरत होती, ऊन खात होती. बाहेरच्या टेबलावर डबी मऊ पिशवीत होती. कबुतरं तर दोन दिवसांनी परत आली.

असे पुष्कळ महिने गेले. मग एके दिवशी दुपारी बेकरीवाले काका आले. कोपऱ्यावरच्या बेकरीचे मालक, भारदस्त माणूस, कपड्यांवर कायम पिठाचा पांढरा हात. त्यांची बायको नुकतीच वारली होती. ते काउंटरवर दोन्ही हात टेकून उभे राहिले आणि म्हणाले की बऱ्याच वर्षांपूर्वी दोघांनी इथे एक फोटो काढला होता, त्याची प्रत हवी आहे. घरातली पुरात भिजून गेली.

वहिनी म्हणाली, दुसरा कुठला फोटो नाही का घरी?

"आहेत ना," ते म्हणाले. "पण तिचा पुढचा दात वाकडा होता. फोटो म्हटलं की हात तोंडावर. त्या दिवशी दादा काहीतरी बोलले, ती हसली, आणि हात वर न्यायचं राहून गेलं. तसा एकच आहे."

दादा उत्साहाने कॉम्प्युटरपाशी बसला. थोड्या वेळाने त्याचा चेहरा उतरला. त्या वर्षाचे फोटो नव्हते. पुढच्याही वर्षाचे नव्हते. मध्यंतरी कॉम्प्युटर भरला म्हणून त्याने जुनी वर्षं काढून टाकली होती. डबीत आहेतच की, या भरवशावर. त्याने डबी उघडली. तिथेही नव्हती. कॉम्प्युटरवरून जे गेलं ते तिने त्याच दिवशी, सांगितल्याबरहुकूम, आपल्या पोटातूनही पुसून टाकलं होतं. कॅटलॉगमधून वहिनीच्या ओळीही गेल्या होत्या.

खोटं कशाला बोलू? मी फळीवर बसून सगळं ऐकत होतो आणि मला आनंद झाला. अगदी गुदगुल्या झाल्या. निळ्या नाडीची लाडकी ती! भोगा आता फळं.

तेवढ्यात काकांचा आवाज आला. "नसेल तर राहू द्या," ते म्हणाले. पण ते जागचे हलले नाहीत. हात काउंटरवर तसेच. मला वाटतं, इथून निघालं की फोटो खरंच नाही असं होईल, म्हणून ते उभे होते. माझा आनंद तिथेच विरला.

दादाने त्यांना दोन दिवसांनी यायला सांगितलं आणि धाकट्याला फोन लावला. किती दिवसांनी लावत होता कुणास ठाऊक. नेहमीचा मोठा आवाज नव्हता. "तू म्हणत होतास ते बरोबर होतं," एवढंच तो म्हणाला.

धाकटा दुसऱ्या दिवशी सकाळी आला. पिशवीतून त्याने तबकड्या वाचणारा स्वतःचा एक नवा, पातळ ड्राइव्ह काढला. म्हणजे घ्या! माझी जागा घ्यायला आणखी एक. दादा चिडून डबी केराच्या टोपलीत टाकायला निघाला होता. धाकट्याने ती त्याच्या हातातून काढून घेतली. "तिचा काय दोष, दादा? तिला जे सांगितलं तेच तिने केलं." एवढ्या धामधुमीतही मला वाईट वाटलं, की माझी बाजू घेऊन तो कधी असं बोलला नव्हता.

कोपऱ्यातल्या डब्यातली सगळ्यात अलीकडची तबकडी त्याने पातळ ड्राइव्हमध्ये घातली. ती नीट चालली. स्क्रिप्टने प्रत्येक तबकडीवर कॅटलॉगची प्रत ठेवली होती ना, ती उघडली. वहिनीने शोधलं आणि ओळ सापडली. 'बेकरीवाले आणि बायको. ती हसली!' पुढे तबकडीचा आकडा. धाकटा डब्यात तो आकडा शोधू लागला. वहिनी मात्र हळूहळू वळली आणि खिडकीकडे बघत राहिली.

तिने स्टूल घेतलं, चढली आणि दोरी सोडली. एकेक तबकडी काढताना तिचे डोळे भरून आले होते. खालून चौथी ती होती. वहिनी ओढणीने पुसू लागली तशी धाकटा म्हणाला, "गोल नको, वहिनी. मधून बाहेरच्या बाजूला पुस."

पातळ ड्राइव्हने ती घेतली, दोन गिरक्या दिल्या आणि बाहेर ढकलली. परत घातली, परत ढकलली. उन्हाने तिचा रंग विटला होता. मी मनात म्हणालो, जमायचं नाही तुला. लगेच दुसरा विचार आला, मला तरी जमेल का?

धाकट्याने वर पाहिलं. "जुना कुठाय? लिहिलं त्याने होतं. त्यालाच वाचता आलं तर येईल."

दादाने स्वतः मला फळीवरून उतरवलं. शर्टाच्या बाहीने माझ्यावरची धूळ पुसली. वायरी जोडल्या. इतक्या दिवसांनी अंगात वीज आली.

तबकडी आत आली. माझंच अक्षर, पण किती पुसट! जागोजागी ओरखडे, दोरीने घासलेली कड. मी वाचू लागलो, अडखळलो. स्क्रिप्टने तोच तुकडा परत मागितला. नाही जमला. तिने परत मागितला, थोडं हळू. जिच्यावर मी इतकी वर्षं जळलो ती मला एकाच शब्दासाठी शंभरदा विचारत होती, आणि एकदाही चिडली नाही. मी वेग कमी केला, किरण सावरला, पुन्हा नजर लावली. सकाळ गेली, दुपार झाली. तिघेही जेवायला उठले नाहीत.  दादाने मध्येच धाकट्याच्या पाठीमागचा पंखा त्याच्याकडे वळवला.

शेवटी फोटो पडद्यावर उतरला. वरून खाली, पट्टी पट्टीने. काकांचा भांग, काकूंचं कपाळ, डोळे, आणि मग ते हसू, वाकड्या दातासकट. त्याच्या खाली मात्र करडा पट्टा. तेवढं मला वाचता आलं नाही. मी खूप प्रयत्न केला, मित्रांनो.

काका आले तेव्हा दादाने प्रिंट पुढे केली आणि ओशाळून सांगितलं की खालचा भाग गेला, हात आलेच नाहीत. काकांनी फोटो बराच वेळ न्याहाळला. मग म्हणाले, "तोंडावर नाही ना हात? मग मिळालं मला."

खिडकीतल्या तबकड्यांपैकी काही वाचल्या, काही कायमच्या गेल्या. डब्यातल्या बहुतेक सगळ्या सुखरूप निघाल्या. त्या आठवड्यात मी आधीच्या कित्येक वर्षांत केलं नव्हतं इतकं काम केलं. वहिनी गेलेल्या ओळी तबकडीवरच्या प्रतीतून परत कॅटलॉगमध्ये उतरवत होती. धाकट्याने नोकरी सोडली नाही. पण दादा म्हणाला, "रविवारी येत जा. काम नसलं तरी." तो येतो. त्याने स्क्रिप्ट थोडी बदलली आहे. आता ती आधी डबीत प्रत ठेवते, मग माझ्याकडून तबकडी लिहून घेते, आणि ती तबकडी धाकटा आपल्या घरी, कपाटात, अंधारात ठेवतो.

मी परत टेबलावर आहे. पण आता माझी नजर क्षीण होत चालली आहे. कोऱ्या तबकड्या मिळणंही अवघड झालंय. दुकानदार म्हणतो, कुणी विचारतच नाही. एक दिवस माझ्या जागी दुसरं काही येईल. मी त्याच्यावरही जळेन, हे आत्ताच सांगून ठेवतो.

म्हणून माझं एवढं ऐका. घरातल्या मोठ्यांना आज विचारा, आपले फोटो कुठे आहेत? एकाच जागी असतील तर दुसऱ्या जागीही ठेवा, आणि ते उघडतात का हे अधूनमधून बघा. फोटोतल्या माणसांची नावं लिहून ठेवा. जुनी वस्तू अडगळीत टाकण्याआधी तिच्यावर काय लिहिलंय ते एकदा वाचा. आणि तुमच्याकडे एखादी काळी डबी असेल, तर तिलाही जपा, पाडू नका, तिच्या पिशवीत ठेवा.

हे शेवटचं वाक्य माझ्या तोंडून निघायला किती जड गेलं, ते तुम्हाला कळलंच असेल.