हाकणाऱ्याची जागा

मुलाखतीला बापाला बरोबर न्यायची रीत नाही, पण धुळा आटपाडीहून सांगलीला आला तो आलाच. लेक प्रांजलची मुलाखतीची ही तिसरी शाळा. इथंही नकार मिळाला तर शिकवणं सोडून पुण्याला दुकानात उभी राहीन, असं ती एसटीत म्हणाली होती. तेव्हापासून त्याच्या जिवाला थारा नव्हता.

व्हरांड्यात खिडकीला कान लावून तो बसला. आत सातवीचा वर्ग, मागच्या बाकावर मुख्याध्यापिका संयोगिताबाई, आणि शिकवायला दिलेला इंग्रजी शब्द होता 'ड्राइव्ह'.

"गाडी चालवणं हा अर्थ पुष्कळ नंतरचा," प्रांजल सांगत होती. "मुळात ड्राइव्ह म्हणजे जनावरं हाकणं."

धुळाला हसूच फुटलं. जन्मभर मोटारवाले त्याच्या मेंढरांवर हॉर्न वाजवत आले, आणि त्यांचा शब्द निघाला मेंढक्याचा!

प्रांजलनं फळ्यावर मेंढरं काढली आणि हाकणारा सगळ्यांच्या पुढं. एक मुलगी उठली. "टीचर, पुढं चालणारा हाकतो कसा?"

प्रांजलनं वळून फळ्यावरचं चित्र पुन्हा पाहिलं. सहाव्या वर्षापासून ती साताऱ्याच्या वसतिगृहात. कळपामागं ती कधी चाललीच नव्हती, बापानंच चालू दिलं नव्हतं. न राहवून धुळा दारात उभा राहिला.

"आवं बाई, मी सांगू का?"

सगळा वर्ग वळला. प्रांजल लालबुंद झाली. मग म्हणाली, "हे माझे वडील. मेंढरं राखतात. त्यांनाच विचारू."

"म्होरं चालतो त्यो वाट दावतो," धुळा म्हणाला. "हाकणारा मागं. लोकास्नी वाटतं, मारायला. तसं न्हाई. लंगडं, न्हानगं मागं पडतं, त्येच्या चालीनं चालायचं. म्होरच्याला ते दिसत न्हाई."

प्रांजलनं फळ्यावरचा माणूस पुसून मागं काढला. मग स्वतः शेवटच्या बाकापाशी गेली आणि तोवर एकदाही न बोललेल्या मुलीला म्हणाली, "धड्यातलं पुढचं वाक्य तू वाच. सावकाश." उरलेला धडा तिनं तिथूनच शिकवला.

तास संपल्यावर संयोगिताबाई बाहेर आल्या. "सोमवारपासून या," एवढंच प्रांजलला म्हणाल्या.

धुळा पायरीवर बसला. "मला वाटलं, मदी तोंड घातलं आन् तुझा घात केला."

"तुम्ही आला नसता तर मी तिथंच रडले असते, आबा," असं म्हणून प्रांजल पायरीवरच रडायला लागली, आणि धुळानं तिला पोटभर रडू दिलं.