येडूचं माकड

मी एक जुना लोखंडी गल्ला आहे, माकडाच्या आकाराचा. हसा, हसून घ्या, मित्रांनो! हातावर नाणं ठेवून शेपूट दाबलं की मी हात तोंडाशी नेऊन नाणं गिळायचो. कुठल्या भट्टीत ओतला गेलो ते मला ठाऊक नाही. मंगळवेढ्याजवळच्या एका मेंढपाळाने लोकर विकायला सोलापूरला गेल्यावर मला जुन्या बाजारातून आणलं, धाकट्या येडूसाठी.

पहिल्याच दिवशी येडूच्या हातून मी उंबऱ्यावर आपटलो. डावा कान तुटला आणि आतली पट्टी वाकली. तेव्हापासून नाणं माझ्या घशात अडकायचं. मग येडू पाठीवर थाप मारायचा, "गिळ की गड्या!" म्हणायचा, आणि नाणं खळ्ळकन पोटात जायचं. ती थाप दुसऱ्या कुणी मारलेली त्याला खपायची नाही, थोरली बहीण चिमा हिने तर मुळीच नाही.

एकदा त्यावरूनच चिमाचं डोकं फिरलं. येडू मेंढरांमागे गेला होता. तिने मला मोडीत काढून भांडीवालीच्या टोपलीत टाकलं आणि बदल्यात एक वाटी घेतली. त्या वाटीत येडू कधी जेवला नाही.

पुढची वर्षं भंगारात गेली. मधल्या एका मालकाने मला नवा कान चिकटवला आणि अंगभर सोनेरी रंग फासला. रंग सांध्यांत शिरला, हात जागीच आखडला. आता मी सोलापुरात सिद्धप्पाच्या जुन्या वस्तूंच्या दुकानात बसतो. लोक म्हणतात, "काय देखणं माकड!" देखणं, डोंबल माझं!

मागच्या महिन्यात दुकानात फोन आला. चिमा आता म्हातारी चिमाबाई झाली होती; तिची नात सोनम जुन्या वस्तूंच्या एकेका दुकानात विचारत होती. येडू अंथरुणाला खिळला होता. डोळे मिटायच्या आत त्याचा गल्ला त्याच्या हातात द्यायचा, एवढीच चिमाबाईची इच्छा होती. सोनमने सगळ्या खुणा सांगितल्या. डावा कान तुटका, रंग उडालेला.

"हाय की! आठ दिसांनी या," सिद्धप्पा म्हणाला.

माझ्याकडे त्याने ढुंकूनही पाहिलं नाही. मेल्याने तसलंच नवंकोरं माकड मागवलं, हातोडीने त्याचा डावा कान उडवला, मिठाच्या पाण्यात बुडवून ओल्या मातीत पुरलं. आठ दिवसांत ते माझ्याहून म्हातारं झालं.

चिमाबाई सोनमला घेऊन आली. माझ्यापासून हातभर अंतरावर उभी राहिली. मी जीव खाऊन हात हलवायला बघितला, पण रंगाने धरून ठेवलं.

"ह्ये सोनेरी कसलं? नवं दिसतंय," ती म्हणाली आणि पुढे सरकली.

गंजलेलं माकड दिसताच तिच्या डोळ्यांना धार लागली. "ह्येच ग सोनम, कान बघ की!"

सोनमने त्याच्या हातावर नाणं ठेवून शेपूट दाबलं. त्याने गपकन गिळलं. चिमाबाई थबकली.

"आमचं थाप मारल्याबिगार गिळायचं न्हाय."

"दुरुस्त केलंय, मावशी," सिद्धप्पा म्हणाला.

"लई उपकार झालं बाबा." तिने ते पदरात गुंडाळलं आणि पोटाशी धरून पायऱ्या उतरली. मला इतका राग कधी आला नव्हता, आणि रडू तर लोखंडाला येतच नाही.

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा, पण त्यांना रंग फासू नका. आमचं मोडकं तसंच राहू द्या. आपली माणसं आम्हाला त्यावरूनच ओळखतात.

येडूच्या हातात ते माकड एव्हाना गेलं असेल. तो नाणं ठेवेल, शेपूट दाबेल आणि सवयीने थाप मारायला हात उचलेल. तोवर नाणं गिळून झालेलं असेल. येडूला तेव्हाच कळेल. पण आक्का समोर बसलेली असेल, म्हणून तो काही बोलायचा नाही.