रुमानाशेजारची जागा

रुमाना काविळीनं गेली तेव्हा तिची आई जुबेदा जनाज्यामागं फक्त उंबऱ्यापर्यंत गेली. बायकांनी कबरस्तानात पाऊल टाकायचं नाही, ही आमच्या गावची रीत. ती कुणी घातली, कशासाठी घातली, विचारायची सोय नाही. रुमानाचे बाबा शर्फुद्दीन मास्तर, शाळेतून निवृत्त झालेले. त्यांनी मात्र विचारलं. महाडच्या एका साप्ताहिकात लेख लिहिला: आईनं लेकीवर मूठभर माती का टाकू नये? उलेमांतही यावर मतभेद आहेत, मग आमच्याकडेच दार बंद का?

गावात कुरबूर झाली. ती चार दिवसांत विरलीही असती. पण महाडचा सुहास, मास्तरांचाच जुना विद्यार्थी, आयत्या बिळावर नागोबा होऊन आला. लेखातल्या दोन ओळी कापून त्यानं मोबाइलवर फिरवल्या आणि खाली आमच्या धर्माला शिव्या जोडल्या. मग एका सकाळी घोषणा देणारी टोळी आणि शाल-नारळ घेऊन तो मास्तरांच्या दारात हजर. मास्तर "अरे, नको" म्हणेपर्यंत शाल खांद्यावर पडली होती आणि फोटो गावभर गेला होता. त्यांनी शाल अंगणात भिरकावली, त्याचा फोटो कुणी काढला नाही.

जमातीनं मास्तरांना वाळीत टाकलं. त्यात जुबेदाच्या दोन्ही किडन्या गेल्या आणि डॉक्टरांनी हात टेकले. तेव्हा जमातीचे अध्यक्ष मुकादमचाचा घरी आले. शेजारी म्हणून मीही तिथंच होतो.

"मास्तर, तुम्ही लिवलंत ते खोटं नाय," चाचा म्हणाले. "पण दुश्मनाच्या हाती काठी दिलीत. जुम्म्याला सगळ्यांसमोर माफी मागा, आणि परत हा विषय काढायचा नाय. नायतर भाभीला कबरस्तानात जागा मिळायची नाय. रुमानाच्या बाजूची अजून मोकळी हाय."

उपकार केल्यासारखा तो सूर! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मास्तर मात्र जुबेदाच्या खोलीकडे बघत होते.

शुक्रवारी नमाज झाल्यावर ते उभे राहिले. "माझं चुकलं. लेख मागे घेतो. पुन्हा विषय काढणार नाही." खऱ्या माणसाकडून खोटं वदवून घेतलं आणि वर त्याला मिठ्या मारल्या आमच्या लोकांनी. शरम वाटली मला.

मी मास्तरांबरोबर घरापर्यंत आलो. जुबेदाच्या उशाशी बसून त्यांनी तिचा हात धरला. "मिटलं सगळं. रुमानाशेजारची जागा तुझी."

जुबेदानं हात सोडवून घेतला.

"म्हंजे मी मेल्यावरच तिला भेटायचं?" ती म्हणाली. "माफी मागताना येवढं तरी विचारायचं होतंत. जित्तेपणी एकदा जाऊ दे म्हणून."

विचारायचं नाही, हेच तर मास्तर कबूल करून आले होते.