मुठीचा लाल काटा

मी एक जुना मूठमाप्या आहे. कागदोपत्री माझं नाव लांबलचक आहे, पण ते कुणाच्या जिभेवर बसलं नाही, म्हणून दवाखान्यात सगळे मला असंच म्हणतात. एक लोखंडी हँडल, त्याच्या डोक्यावर तबकडी आणि तबकडीवर दोन काटे, एवढाच माझा संसार. हँडल मुठीत धरून दाबलं, की काळा काटा लाल काट्याला ढकलत पुढे नेतो. मूठ सुटली की काळा शून्यावर परततो. लाल मात्र पोचला तिथेच थांबतो, म्हणजे किती किलोचा जोर लागला ते सावकाश वाचता येतं. मग कुणीतरी बोटाने त्याला मागे आणायचं.

मित्रांनो, माझी पहिली वर्षं मजेत गेली. मी हाडांच्या विभागात होतो. प्लास्टर काढलेली माणसं मला दाबायची आणि आकडा दोन किलोंनी वाढला की मलाच शाबासकी द्यायची, जणू हाड मीच जोडलं होतं. मीही ती निमूट घ्यायचो. खोटं कशाला बोलू?

मग एक दिवस मला उचलून पोटाच्या कॅन्सरच्या विभागात आणलं. तिथल्या डॉक्टरबाईंपुढे रोज एकच पेच असायचा. अन्ननलिकेचा, जठराचा, आतड्याचा कॅन्सर अंगभर पसरलेला माणूस समोर बसला, की त्याला जोरदार औषध झेपेल का? झेपलं तर काही महिने मिळणार, नाही झेपलं तर हातात आहेत तेही जाणार. रक्ताचे अहवाल, वजन, सगळं त्या बघायच्या. त्यातच मूठही मोजायची असं ठरलं, कारण अंगातलं मांस झडू लागलं की ते मुठीला लवकर कळतं. पुढचं भाकीत करायला माझी मदत होते, असं त्या सगळ्यांना सांगायच्या. मी फुशारलो. आज त्या फुशारकीची लाज वाटते.

तिथेच प्लंबरकाका आले. जठराचा कॅन्सर, यकृतापर्यंत गेलेला. चाळीस वर्षं पाइप पिळलेला हात तो! पहिल्याच दिवशी त्यांनी लाल काटा अडतीसवर नेला. सिस्टर म्हणाल्या, काका, आमचं यंत्र मोडाल हं. काका हसले, सोबत आलेल्या काकूही हसल्या. औषध सुरू झालं. दर तीन आठवड्यांनी यायचं, तीनदा दाबायचं आणि सगळ्यात मोठा आकडा फाइलमध्ये जायचा.

तिसऱ्या खेपेला आकडा एकतीसवर आला. त्याच दिवशी शेजारच्या खुर्चीतल्या रुग्णाला सिस्टर घाईघाईत सांगत होत्या, की मूठ सव्वीसच्या खाली गेली तर बाई हे औषध बंद करतील. काकांनी ते ऐकलं. माझं हँडल अजून त्यांच्या हातात होतं, म्हणून मला कळलं. तळहाताला एकदम घाम फुटला.

पुढच्या खेपेला आकडा तेहेतीस झाला. त्याच्या पुढच्या खेपेला चौतीस. वजन मात्र घसरत होतं, पँट पट्ट्यालाही दाद देत नव्हती. बाईंनी फाइल दोनदा चाळली. जेवण जातंय का, विचारलं. काका म्हणाले, व्यवस्थित. काकू खिडकीबाहेर बघत होत्या. शेवटी बाईंनी माझ्या आकड्यावर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, मूठ सुधारतेय, झेपेल यांना. औषध पूर्ण मात्रेत चालू राहिलं.

मित्रांनो, माझा आकडा खरा होता. एका किलोचीही चूक नव्हती. तरी माझा जीव तीळतीळ तुटत होता, कारण दाबताना त्या हाताची थरथर मला कळत होती आणि तबकडीवर थरथर दाखवायला काटा नाही.

पाचव्या औषधानंतर सहाव्याच दिवशी काका कोसळले. तोंडभर फोड, ताप, अंगात विष पसरलेलं. दहा दिवस ते वरच्या मजल्यावर होते. नंतर चाकाच्या खुर्चीतून त्यांना आमच्या खोलीत आणलं. ओळखू येत नव्हते. सिस्टरनी नेहमीसारखं मला पुढे केलं. काकांनी डोळे मिटले, दात आवळले आणि जिवाच्या आकांताने दाबलं. लाल काटा सत्तावीसवर थांबला. खुर्चीत मागे टेकण्याआधी त्यांनी सिस्टरकडे बघितलं. परीक्षेत काठावर पास झालेलं पोर बघतं ना, तसं.

"सिस्टर, तो आकडा लिहू नका," काकू म्हणाल्या.

काकांनी नको नको अशी मान हलवली. पण काकू थांबल्या नाहीत. त्यांनी सगळं सांगून टाकलं. सव्वीसचं ऐकल्यावर पहिले दोन आठवडे हे ओला टॉवेल शंभरशंभरदा पिळत होते. पोटात दोन घास नाहीत आणि टॉवेल पिळणं चालू. मग तेही जमेना. तेव्हापासून दवाखान्याच्या आधी दोन दिवस नुसते पडून राहतात. पाण्याचा पेला उचलत नाहीत. मुलीचा फोन घेत नाहीत. मी काही विचारलं तर बोलत नाहीत, कारण बोलण्यातही ताकद जाते. ती सगळी साठवून इथे आणतात. कुणाला सांगू नकोस म्हणून मला शपथ घातली होती.

बाई खुर्ची ओढून काकांसमोर बसल्या.

"काका, ही परीक्षा नव्हती हो. आकडा कमी आला असता तर मी हलकं औषध दिलं असतं. तुम्हाला सोडून दिलं नसतं."

काकांनी मला मांडीवर ठेवलं. "मग हे आधी कुणी का नाही सांगितलं?" एवढंच म्हणाले.

सिस्टर रडायला लागल्या. काकांनी बोटांवर मोजायला घेतलं. तीन खेपा, दर खेपेला दोन दिवस. "सहा दिवस," ते काकूंना म्हणाले. "सहा दिवस तू बोलत होतीस आणि मी उत्तर दिलं नाही." काकूंनी त्यांची मोजणारी बोटं धरून ठेवली.

हलकं औषध सुरू झालं, पण व्हायचं ते नुकसान होऊन गेलं होतं. काका आणखी एकदाच आले. आवाज बसलेला. सिस्टरनी मला पुढे करायचं टाळलं, तर त्यांनीच हात पुढे केला. म्हणाले, रस्ताभर हिच्याशी बडबडत आलोय, आज मुठीत काही उरलेलं नाही. त्यांनी एकदाच दाबलं. चौदा. सिस्टरनी चौदा लिहिलं. नंतर ते आले नाहीत.

मित्रांनो, मी यंत्र आहे, मला सांभाळा, तेल द्या, असलं काही मी मागणार नाही. माझं मागणं वेगळं आहे. आजारी माणसाला कशानेही मोजायला घ्याल, तेव्हा आकडा कमी आला तर काय होईल ते आधी सांगा. आणि घरात कुणी तुमच्याशी बोलणं टाकून ताकद साठवत असेल, तर शपथ मोडा. काकूंनी मोडली, पण उशिरा.

आता सिस्टर मला कुणाच्या हातात देण्याआधी म्हणतात, आकडा कमी आला तरी आम्ही तुम्हाला सोडणार नाही. मग लाल काटा शून्यावर आणतात. काका शेवटचे आले त्या दिवशी मात्र त्यांनी तो आणला नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळी पहिला रुग्ण येईपर्यंत मी चौदावरच होतो.