चिंधी बांधलेला माणूस

सुरतेजवळ कडोदऱ्याच्या आमच्या खात्यात, म्हणजे यंत्रमागाच्या कारखान्यात, रजा तीनच कारणांसाठी मिळायची: मयत, लग्न आणि मलेरिया. मलेरियासाठी थंडी वाजून दाखवावी लागे. लग्नासाठी पत्रिका लागे. मयताला मात्र पुरावा लागत नसे, त्यामुळे आमच्या कारागिरांच्या घरी माणसं फार मरत. भटूचा आजा एकदा होळीला गेला, एकदा आखाजीला आणि पुन्हा पोळ्याला.

"तुझा आजा रक्तबीज होता के?" जगुभाई सेठने विचारलं.

"नाही सेठ. पण माणूस जिवट होता," भटू म्हणाला. त्याला रजा मिळाली.

रजेला आणखी एक अट होती. जाणाऱ्याने आपल्या जागी बदली माणूस आणून उभा करायचा. नाही आणला, तर परत येईपर्यंत त्याचे संचे दुसऱ्याच्या नावावर झालेले असत. सुरतेत मागाला संचा म्हणतात, आणि संचे गेले म्हणजे माणूस पुन्हा दारोदार काम विचारत फिरणार. प्लेगच्या वर्षी अख्खं सुरत पळालं तेव्हा सगळ्यात आधी सेठ पळाला होता, तोही बदली न देता. पण हे भटू फक्त चहाच्या टपरीवर बोलत असे.

मी फिजिक्स घेऊन बी.एस्सी. झालो होतो. इन्कमटॅक्सची पत्रं इंग्रजीत येत, एवढ्यावर सेठने मला मॅनेजर केलं होतं. भटू मला 'सायंटिस' म्हणायचा.

भिकनआप्पा माझ्या आधीपासून तिथे होता. मूळचा धुळ्याकडचा, राहायला लिंबायतला, चाळिशीचा, कमी बोलणारा. एका दुपारी त्याच्या संच्यातून धोटा उडाला. धोटा म्हणजे दोन्ही टोकांना लोखंड बसवलेला लाकडी तुकडा. तो दोरा घेऊन ताण्याच्या उभ्या धाग्यांतून इकडून तिकडे धावतो. कधीकधी रस्ता सोडतो. त्या दिवशी तो भटूच्या कानाजवळून गेला आणि केबिनच्या दारावरच्या अंबामातेच्या तसबिरीची काच फोडून खाली पडला.

"मातेने कॅच सोडला!" भटू ओरडला. सगळे हसले. सेठने नवी काच बसवली, नारळ फोडला आणि प्रकरण संपलं.

भिकनआप्पाचं संपलं नाही. तो संचा चालू करायचा, थोड्या वेळाने बंद करायचा, धोटा हातात घेऊन उलटापालटा बघायचा, पुन्हा चालू करायचा. संच्यासमोर उभं राहिलं की त्याला दरदरून घाम सुटे. त्याचं कापड इतरांच्या निम्म्यावर आलं. मी त्याला संभाव्यता समजावून सांगितली: धोटा किती वेळा धावतो, त्यातून किती वेळा उडतो, आणि उडालेला नेमका माणसालाच लागण्याची शक्यता किती थोडी. त्याने शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"तुमनं बराबर शे भाऊ," तो म्हणाला. "पन हात ऐकतस नई."

त्याची बायको मंगलाबाई घरी साड्यांना लेस लावायची. मी गेलो तेव्हा तिने हातातलं काम खाली न ठेवताच सांगितलं, "वाटी पडनी तरी जेवता जेवता उठीसन उभा ऱ्हास. भगत बी झाया, लिंबू बी उतारं, काय फरक नई. तुम्हीन शिकेल शेतस. तुम्हीनच काय ते करा."

शिकलेला असल्यामुळे मी त्याला सुरतेत एका मनाच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, हा भीतीचा आजार आहे, बरा होतो. गोळ्या दिल्या आणि काही आठवडे संच्यापासून लांब राहायला सांगितलं.

"पाय मोडला असता तर कामावर उभं केलं असतं का त्याला?" त्यांनी विचारलं.

"तुम्ही आमच्या सेठला ओळखत नाही," मी म्हणालो.

तरी मी केबिनमध्ये जाऊन सेठला सगळं सांगितलं. जगुभाई पान चघळत ऐकत होते.

"मननी बिमारी?" ते म्हणाले. "अरे गजेंद्र, मन तो मारुं पण नथी लागतुं. मी कुठे रजा घेतो?"

"सेठ, डॉक्टरांनी सांगितलंय."

"डॉक्टरला संचा चालवावा लागतो? हे बघ, भिकन चांगला माणूस छे. मला त्याला हाकलायचं नाही. त्याला म्हण, कोणाला तरी मार. बाप, काका, जे असेल ते. अने एक बदली आण. हूं सही करी दऊं. पण मनाची रजा आज एकाला दिली, तर उद्या पूरा खात्याचं मन बिघडेल."

हे एका अर्थी उदार होतं. मी भिकनआप्पाला तसं सांगितलं.

"मना बाप जित्ता शे," तो म्हणाला. "रोज सकाळले मी देवले त्याना साठे हात जोडस. त्याले कसा मारू?"

"माझा आजा घे," भटू म्हणाला. "रिकामाच आहे सध्या."

भिकनआप्पा हसला नाही. बदलीही मिळेना. सोमवारपर्यंत काम सुधारलं नाही तर त्याचे संचे नवागामच्या एका पोराला द्यायचे, असं सेठने ठरवून टाकलं.

इथे आमच्या खात्यातली एक रीत सांगायला हवी. संचा बिघडला की कारागीर त्याच्या दांड्याला लाल चिंधी बांधतो. मग बळीराम मास्तर, म्हणजे आमचा फिटर, येऊन दुरुस्त करतो आणि स्वतःच्या हाताने चिंधी सोडतो. तोपर्यंत त्या संच्याला कोणी हात लावायचा नाही आणि तो दुसऱ्या कोणाच्या नावावरही करायचा नाही. सेठनेसुद्धा नाही. एकदा व्यापाऱ्यासमोर ऐट दाखवायला सेठने चिंधी असलेला संचा चालू केला होता. संच्याने त्यांची बाही खांद्यापर्यंत खाल्ली. तेव्हापासून सेठ अंबामातेपेक्षा त्या चिंधीला जास्त मानतात.

सोमवारी सकाळी भिकनआप्पा वेळेवर आला. खिशातून लाल चिंधी काढली, एक टोक दातात धरून ती डाव्या मनगटाला बांधली आणि संच्याशेजारच्या बॉबिनच्या खोक्यावर बसला.

पलीकडच्या ओळीतून कारागिरांनी एकमेकांना हाताने खुणा केल्या. संच्यांच्या आवाजात आमच्याकडे सगळं हातानेच बोलतात. केबिनच्या काचेतून सेठने पाहिलं आणि ते तरातरा आले.

"आ शुं नाटक छे? उठ!" त्यांनी चिंधी सोडायला हात पुढे केला.

"सेठ! हात नका लावू!" भटू बेंबीच्या देठापासून ओरडला. "चिंधी आहे!"

आणि सेठचा हात मागे आला. विचार करून नाही, चटका बसल्यासारखा. दुसऱ्या हाताने त्यांनी आपली बाही धरली होती. हे सगळ्या खात्याने पाहिलं. सेठलाही कळलं की सगळ्यांनी पाहिलं. आता पुन्हा हात पुढे करणं कठीण होतं.

"बळीरामला बोलव," ते म्हणाले.

बळीराम मास्तर परभणीकडचा. जगातली प्रत्येक वस्तू एकतर तेलाने नाहीतर हातोडीने सुधारते, असं मानणारा. मला वाटलं, तो दोन शिव्या घालून चिंधी सोडेल. तो आला. भिकनआप्पाभोवती एक चक्कर मारली. मग हात वर करून त्याने ती ओळ बंद करवली, मग दुसरी, मग सगळं खातं. मी तिथे लागल्यापासून कामाच्या वेळी इतकी शांतता ऐकली नव्हती. रस्त्यावरच्या रिक्षा ऐकू येऊ लागल्या.

बळीराम संच्याचं बेअरिंग तपासायला लोखंडी सळई वापरतो: एक टोक यंत्राला, एक टोक स्वतःच्या कानाला. ती सळई त्याने भिकनआप्पाच्या पाठीला लावली आणि डोळे मिटले. ध्वनी घन पदार्थातून चांगला जातो, हे मला माहीत होतं. पण सदऱ्यावरून सळईने काय कळणार, हे विचारायची ती वेळ नव्हती.

"धडधड लई हाय मालक," बळीराम म्हणाला. "असा चालवला तर मोडंल."

"केटला दिवस लागतील?"

"ते आत्ता कसं सांगू? थंड होऊ द्या. घरी ठेवा. मी बघतो अधनंमधनं जाऊन."

"अने बदली?"

"बंद संच्याकडं बदली मागता का तुम्ही?" बळीराम म्हणाला. "शेजारचे वढून घेतेत काम."

"आम्ही घेतो," भटू म्हणाला. "माझा आजा पण येईल मदतीला."

अख्खं खातं खदखदलं. सेठने एकदा माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या मते हा कट माझा होता. माझा नव्हता, पण मी नाही म्हटलं नाही.

"मास्तर सोडेल तेव्हाच चिंधी सुटेल," मी म्हणालो. "नियम तुमचाच आहे सेठ."

सेठ पान थुंकायला बाहेर गेले. जाता जाता म्हणाले, "संचा चालू करो बधा! मफतमां तमाशा शुं जुओ छो?"

भिकनआप्पा चिंधीसकट घरी गेला. पुढच्याच आठवड्यात भटू मनगटाला चिंधी बांधून खोक्यावर बसला. बळीरामने सळई लावली, ऐकलं आणि त्याच सळईने त्याच्या ढुंगणावर एक दिली. "याचं तेल वरचेवर जास्त व्हतंय," तो म्हणाला. भटू कामाला लागला. त्यानंतर कोणी गंमत म्हणून चिंधी बांधली नाही.

भिकनआप्पा नसताना मी एक काम केलं. धोटा कोणत्या कोनात उडतो हे मोजलं आणि त्याच्या संच्यांच्या दोन्ही बाजूंना बळीरामकडून तारेची जाळी बसवून घेतली. सेठने विचारलं, हे कशाला? मी म्हणालो, मातेच्या काचेसाठी. मग त्यांनी हरकत घेतली नाही.

पावसाळा सरत आला तेव्हा भिकनआप्पा परतला. मनगटावरची चिंधी उन्हाने आणि धुण्याने गुलाबी झाली होती. बळीराम गाठ सोडायला लागला.

"थांब मास्तर," भिकनआप्पा म्हणाला. "पह्यले रिकामा चालू."

दुरुस्तीनंतर संचा आधी धोट्याशिवाय चालवून बघतात, तसा त्याने चालवला. मग धोटा घातला. घाम आला. त्याने संचा बंद केला, जाळीला बोट लावून बघितलं, पुन्हा चालू केला. खटखट सुरू झाली आणि सुरू राहिली. सेठ केबिनच्या दारात उभे होते, नव्या काचेखाली.

गाठ घट्ट झाली होती. बळीरामने ती कात्रीने कापली. भिकनआप्पाने चिंधी उचलून खिशात घातली.

"ती कशाला ठेवतो?" सेठने ओरडून विचारलं.

"ऱ्हाऊ द्या सेठ," तो म्हणाला.

सेठने हाताने खूण केली: असू दे.