'बा' म्हटलं की यायचं

मी पुट्टा बोलतोय. कानडीत पुट्टा म्हणजे चिमुकला. आता आडवा पडलो की अख्खा उंबरा अडवतो, तरी नाव तेच.

गणेशगुडीच्या बस स्टॉपमागं मी जन्मलो. रक्षिताबाईंनी मला उचललं. बाई धारवाडकडच्या, एका संस्थेतल्या. मनानं खचलेल्यांच्या घरी जायच्या आणि सोबत मला न्यायच्या. त्यासाठी त्यांनी मला शिकवलं, तेही कानडीत. 'कूतको' म्हटलं की बसायचं, 'बा' म्हटलं की यायचं. मराठी मला भाकरीपुरतीच कळायची.

बाजारकुणंगला केशरचं घर. तिचा नवरा मारुती फणसावरून पडून गेला, तेव्हापासून आठ वर्षांची मयूरी एक शब्द बोलली नव्हती. आम्ही चार आठवडे गेलो. शेपूट हलवून हलवून मी दमलो, पण पोरीनं माझ्याकडं ढुंकून पाहिलं नाही.

"अक्का, राग मानू नका," केशर म्हणाली. "कुत्र्यानं काय हुणार हाय? लोक हसत्यात."

"अजून एक डाव येते," बाई म्हणाल्या. "मग न्हाई."

त्या शेवटच्या खेपेला दोघी चुलीपाशी होत्या. मयूरी ओसरीवर, समोर खुंटीला मारुतीचं कांबळं. त्याच्याकडं बघत ती ओठातल्या ओठात म्हणाली, "बा."

ती बापाला हाक मारत होती, हे मला काय ठाऊक! मला वाटलं, हुकूम झाला. उठलो, गेलो, तिच्या मांडीवर डोकं ठेवलं.

"बा?" ती पुन्हा म्हणाली. आलोच होतो, आणखी कुठं येणार? जरा रेटून बसलो. मग तिनं माझ्या गळ्यात हात टाकले आणि "बा, बा" करत मोठ्यानं रडली.

केशर दारातच खाली बसली. "बोल्ली. माझी पोर बोल्ली."

बाईंना माझी चूक लगेच कळली. डोळे पुसत "अरे पुट्टा" एवढंच म्हणाल्या.

आता माझे गुडघे कुरकुरतात. बाईंनी मला इथंच ठेवलंय. मयूरी नववीत आहे आणि तिच्या तोंडाला खळ नाही. "ऐकतोयस न्हवं रं?" म्हणून मलाच दटावते. केशर ताज्या भाकरीचा पहिला तुकडा मला घालते. या घराचे उपकार मी जन्मभर विसरणार नाही, आणि माझ्या तोकड्या मराठीचेही. तुमच्याजवळ कुणी गप्प झालं असेल, तर नुसते जाऊन बसा. मी तरी दुसरं काय केलं?

गल्लीतल्या कुत्र्यांना मयूरी 'यू यू' करते. मला मात्र 'बा' म्हणते. कानडीत की मराठीत, मी कधी विचारलं नाही. हाक आली की उठतो.