लेसच्या शाळेतलं गीत

माझी थोरली बहीण लेटिशिया लहान मुलांसाठी देवाची गीतं लिहायची. आमचा दादा बकिंगहॅमशायरमधल्या एका खेड्यातल्या चर्चचा पाळक होता आणि आम्ही दोघी बिनलग्नाच्या बहिणी त्याचं घर सांभाळायचो. ताईची गीतं आधी रविवारच्या शाळेत गायली गेली, मग लंडनला छापली गेली, आणि गावोगावच्या आया ती पोरांना झोपवताना म्हणू लागल्या. "हीच माझी लेकरं, डॉर्कस," ताई म्हणायची.

शेजारच्या गावात पार्जिटरबाईंची लेस विणायची शाळा होती. "आमच्या मुली दिवसभर तुमचंच गीत गातात, एकदा ऐकायला तरी या," असा त्यांनी आग्रह धरला. ताई अगदी हरखून निघाली.

खोली बुटकी, खिडक्या घट्ट बंद. पाच-सहा वर्षांच्या मुली गच्च भरलेल्या उशा पुढ्यात घेऊन बसलेल्या, उशीवर टाचण्याच टाचण्या, त्यांच्याभोवती दोरा गुंफत लेस विणायची. एवढ्या थंडीत सगळ्यांच्या माना उघड्या. गाण्याच्या एका ओळीला एक टाचणी, असा हात चालला होता.

चिमण्या हातांनो, थांबू नका,
बाप वरून पाहतो आहे.

ताईचे डोळे भरून आले. तेवढ्यात पुढची एक मुलगी पेंगली. पार्जिटरबाई शांतपणे उठल्या, तिचे केस धरले आणि तिचं नाक टाचण्यांवर खसाखसा घासलं. उशीवर रक्त सांडलं. मी किंचाळले. गाणं मात्र थांबलं नाही. उलट बाकीच्या पोरी शेवटचं कडवं आणखी मोठ्यानं गाऊ लागल्या.

मार मिळता हसून म्हणा,
बापाची ही माया आहे.

"अहो, काय करताय हे?" ताई पुढे धावली.

"तुम्हीच लिहिलंय की, बाईसाहेब! मी काय वेगळं करते? आणि माना उघड्या ठेवते त्या छडी नीट बसावी म्हणून."

ताई गुडघ्यांवर बसली, मुलीच्या नाकाला रुमाल लावला. तिचं नाव हेप्झी.

"बाळा, हे गाणं मी लिहिलंय गं."

हेप्झीनं तिला खालून वरपर्यंत न्याहाळलं. "पण तुम्ही तर जिवंत आहात! गाणी लिहिणारी माणसं मेलेली असतात."

परतीच्या वाटेवर ताई कुंपणाला धरून ओकली. "ती माराची ओळ सुचली तेव्हा," ती म्हणाली, "मी शेकोटीपाशी बसून ब्रेडला जॅम लावत होते."

दादाला सांगितलं, तर तो म्हणाला, "जरा कडक आहे बाई. पण पोरींच्या हाताला काम आहे ना?" ताईनं दुसऱ्याच दिवशी जाऊन पार्जिटरबाईंना बजावलं, की माझं गीत इथं पुन्हा गायचं नाही. त्यांनी खांदे उडवले आणि गाणं बंद केलं.

पुढच्या रविवारी चर्चबाहेर हेप्झीनं ताईचा झगा ओढला. नाकावर ताज्या खपल्या.

"आमचं गाणं का नेलंत?"

"अगं, ते वाईट होतं."

"गाणं असलं की झोप येत नव्हती! आता सगळ्याच पेंगतो. सगळ्याच मार खातो. तुमच्यामुळं!"

ताई पांढरीफटक पडली. मी तिला धरून घरी आणलं. त्याच दुपारी तिनं जुन्या चालीवर नवं गीत लिहिलं. त्यात वादळात येशू नावेत गाढ झोपला होता, आणि त्याला कुणी मारलं नाही. दुसऱ्या सकाळी ती ते लेसच्या शाळेतल्या पोरींना शिकवायला गेली.

"हे असलं माझ्या शाळेत चालायचं नाही," पार्जिटरबाई कडाडल्या.

"बायबलात, शुभवर्तमानात आहे ते. चालत नसेल तर ते पानच फाडून टाका," ताई म्हणाली आणि पोरींच्या मधोमध विणकाम घेऊन बसली.

त्यानंतर ती रोज सकाळी तिथं जाऊन बसू लागली. पाळकाच्या बहिणीदेखत छडी उठत नसे. ती आजारी पडली की उठत असे, म्हणून पुढे ती तापातही जायची. मी रागवायचे, रडायचे, पण शेवटी गरम शाल तिच्या खांद्यावर टाकून तिच्याबरोबर निघायचे.

ते जुनं गीत काही परत घेता आलं नाही. त्याचे हक्क तिनं लंडनच्या प्रकाशकाला कधीच देऊन टाकले होते. ते छापलं जात राहिलं आणि लोक तिला भेटून म्हणायचे, "आमच्या धाकटीला तुमचं गीत तोंडपाठ आहे हं!" दर वेळी ताई तिथंच थबकायची आणि विचारायची, "कितव्या कडव्यापर्यंत?"